दोडक्याची अ‍ॅलर्जी

आपल्या पोरीला दोडक्याची अ‍ॅलर्जी आहे, ही बातमी बद्रीनाथला बिल्डिंगच्या जिन्यात कळली.

पहिली पाळी संपवून तो वाळूजहून कंपनीच्या बसनं आला होता. पुंडलिकनगरच्या कोपऱ्यावर उतरून, भाजी घेऊन, पिशवी सावरत जिना चढणार, तोच तळमजल्यावरच्या मीनाक्षीकाकूंनी दार उघडून हाक मारली. शाळा सुटल्यापासून बद्रीनाथ येईपर्यंत राजनंदिनी काकूंच्याच घरी असायची. काकूंची स्वतःची मुलं पुण्या-बंगलोरला, लक्ष्मणकाका दिवसभर पेपरात डोकं घालून बसलेले. सात वर्षांची ही चुरूचुरू बोलणारी पोर म्हणजे त्या घरातला रेडिओच झाली होती.

"बद्रीनाथ, एक बोलू का? रागावू नका," काकू म्हणाल्या. "तुम्ही मला सगळं सांगायला हवं होतं."

"काय झालं काकू?"

"शेंगदाण्याचं तुम्ही पहिल्या दिवशीच सांगितलंत. ते मी डोळ्यांत तेल घालून सांभाळते. घरात दाणा म्हणून ठेवत नाही. पण दोडक्याचं कधी बोलला नाहीत. मेथीचं नाही, गवारीचं नाही. कारल्यानं तर म्हणे तिच्या अंगावर गांधी उठतात! बरं, पोर शहाणी म्हणून तिनं स्वतः सांगितलं. नाहीतर माझ्या हातून काय झालं असतं, सांगा बरं?"

बद्रीनाथनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पिशवीत दोडकीच होती.

"मग तुम्ही तिला जेवायला काय देता?"

"शिरा करते. कधी तूप-साखर-पोळी. काल घावन केले. होईल तेवढं करते हो मी, पण भाज्याच चालत नाहीत म्हटल्यावर पोरीच्या अंगाला काय लागणार? डॉक्टरांना विचारा एकदा."

"विचारतो," असं म्हणून बद्रीनाथ आत खेळणाऱ्या पोरीला घेऊन घाईघाईनं वर गेला. अजून थोडा वेळ थांबला असता तर काकूंच्या तोंडावरच हसला असता.

शेंगदाण्याचं मात्र खरं होतं. राजनंदिनी जेमतेम पावलं टाकायला लागली होती तेव्हाची गोष्ट. बद्रीनाथच्या चुलत बहिणीच्या लग्नात कुणीतरी कौतुकानं तिच्या तोंडात लाडवाचा कण घातला. मंगलाष्टकं व्हायच्या आत पोरीचं तोंड सुजून डोळे दिसेनासे झाले. फुलंब्रीच्या पुढच्या त्या गावातून शहरातल्या दवाखान्यापर्यंत जीप कशी आली, हे बद्रीनाथला आजही नीट आठवत नव्हतं. प्रेरणाला सगळं आठवत होतं, पण ती त्याविषयी बोलत नसे. पोर वाचली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, काजू चालेल, बदाम चालेल, तीळ चालतील, पण शेंगदाण्याचा कणसुद्धा नाही.

आता मराठवाड्यातल्या घरातून शेंगदाणा हद्दपार करायचा म्हणजे काय, हे तिथं जेवलेल्या माणसालाच कळेल. वांग्याच्या भाजीत कूट, आमटीत कूट, कोशिंबिरीत कूट, भाकरीबरोबर चटणी, आणि उपास तर पुरता शेंगदाण्याच्याच जिवावर. प्रेरणानं सगळं बदललं. कुटाच्या जागी खोबरं आलं, तेल बदललं, जुना खलबत्तासुद्धा माहेरी पाठवून दिला. ती उस्मानपुऱ्यात एका ऑफिसात हिशेबाचं काम करायची. तिथं कुणी वाढदिवसाची बर्फी वाटली तरी ती आधी विचारायची, यात काय काय आहे. राजनंदिनीचा सकाळचा डबा ती करायची, बाकीचं बद्रीनाथकडं. दुसरी पाळी नको म्हणून त्यानं कंपनीत एक बढतीसुद्धा सोडली होती.

एक गोष्ट मात्र त्याच्याकडून सुटली नव्हती. कंपनीच्या गेटबाहेर खारे शेंगदाणे विकणारा एक गाडा होता. चहाच्या सुट्टीत बद्रीनाथ तिथं पुडी घ्यायचा, आणि मग बेसिनपाशी जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचा, चुळा भरायचा, वर दातही घासायचा. मित्र म्हणायचे, "बद्र्या, लोक दारू पिऊन घरी जाताना एवढा बंदोबस्त करत नाहीत." तो हसायचा. पण घरी गेल्यागेल्या पोर धावत येऊन गालाला गाल लावायची, तेव्हा क्षणभर त्याचा श्वास अडकायचाच.

वर आल्यावर त्यानं भाजी ओट्यावर ठेवली आणि हाक मारली, "नंदू, इकडं ये."

राजनंदिनी आली. त्याच्याकडं बघून म्हणाली, "काकूंनी सांगितलं ना?"

"काय सांगितलं?"

"काहीतरी सांगितलं. तुम्ही नाक फुगवलंय."

"दोडकं खाल्लं की काय होतं तुला?"

तिनं थोडा विचार केला. "जिभेला टोचतं."

"आणि मेथी?"

"मेथी घशात टोचते."

"आणि कारलं?"

पायाच्या अंगठ्यानं फरशीवर रेघ ओढत ती म्हणाली, "कारलं तर सगळीकडंच टोचतं."

"शिरा टोचत नाही?"

"नाही! पप्पा, काकूंचा शिरा लई भारी असतो. केळं घालतात त्यात."

इथं बद्रीनाथनं डोळे वटारायला हवे होते. पण त्याला जे हसू फुटलं, ते आवरेचना. तो हसतोय हे बघून पोरही हसायला लागली, आणि रागवायची वेळ निघून गेली ती गेलीच.

संध्याकाळी प्रेरणा आली. तिला अजिबात हसू आलं नाही.

"तुम्ही हसलात तिच्यासमोर?"

"अगं, लहान आहे. काय डोकं चालवलंय बघ तरी!"

"डोकं चालवलंय, कबूल. पण अहो, उद्या कुणीतरी तिला दाणा घातलेलं काही देईल, ही म्हणेल टोचतंय, आणि समोरचा म्हणेल, हिला तर दोडकंही टोचतं. मग?"

शेवटी असं ठरलं, की रविवारी सकाळी राजनंदिनीनं पप्पांबरोबर खाली जायचं आणि काकूंना स्वतःच्या तोंडानं खरं काय ते सांगायचं. राजनंदिनीनं पाय आपटले, रडली, आणि मग रविवार अजून लांब आहे हे लक्षात आल्यावर खेळायला गेली.

एवढ्यावर राहिलं असतं तरी ठीक होतं. पण बद्रीनाथला गोष्ट पोटात ठेवता येईना. त्यानं गावी आईला फोन लावला. आशाबाई गावी थोरल्या लेकाजवळ राहायच्या. डोळ्यांत मोतीबिंदू झालाय का ते दाखवायला त्या रविवारी शहरात येणारच होत्या. बद्रीनाथनं शिऱ्यासकट सगळी हकिगत रंगवून सांगितली. आशाबाई फोनवर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"कोणावर गेली रं ही? तू बी लहानपणी असाच व्हतास. शाळेचं नाव काढलं की पोट दुखायचं तुझं!"

रविवारी सकाळी प्रेरणा औरंगपुऱ्यात गेली. भावाचं लग्न तोंडावर आलं होतं, आहेराच्या साड्या घ्यायच्या होत्या. राजनंदिनी तयार होऊन, तोंड एवढंसं करून बसली होती. इतक्यात आशाबाईंचा फोन आला, एस्टी पोहोचली म्हणून. बद्रीनाथ म्हणाला, "आजी आली की चहा पिऊन जाऊ आपण काकूंकडं." पोरीचं तोंड लगेच उजळलं.

आशाबाई आल्या त्या हातात मिठाईचा पुडा घेऊनच. गावातल्या नातवंडांना त्या उठता-बसता दाण्याचे लाडू, गूळ-शेंगदाणे द्यायच्या. हिला काय न्यावं हा त्यांना नेहमी प्रश्न पडायचा, आणि रिकाम्या हातानं नातीकडं यायला त्यांचा जीव धजत नसे. म्हणून बसस्टँडजवळच्या एका दुकानातून त्यांनी काजूकतली घेतली होती.

"दुकानदाराला इचारून इचारून आणलीय बरं," त्या पदरानं घाम पुसत म्हणाल्या. "म्हणलं, बाबा, लेकराला शेंगदाना चालत नाय, त्यात काय मिसळलं असंल तर सांग. तो म्हणला, मावशी, निव्वळ काजू हाय."

राजनंदिनी आजीच्या मांडीवर बसली. आजीनं एक वडी तिच्या हातात दिली. तिनं कोपरा चावला, चघळला, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"पप्पा, टोचतंय."

"कुठं?"

"जिभेला. इथं."

आशाबाईंना हसू आलं. "दोडकं हाय व्हय गं त्यात?"

बद्रीनाथही हसला. चहाचा कप तोंडाशी नेत म्हणाला, "अगं, काजूची आहे ती. काजू चालतो की तुला. खा."

राजनंदिनीनं त्याच्याकडं पाहिलं. पप्पा खा म्हणाले म्हणजे खायचं, इतकं साधं होतं ते. उरलेली वडी तिनं तोंडात टाकली आणि गिळली.

चहा संपायच्या आत ती मान खाजवायला लागली. मग म्हणाली, पोटात कसंतरी होतंय. बद्रीनाथनं वळून पाहिलं तर तिचा खालचा ओठ एका बाजूनं फुगला होता आणि गळ्यावर लाल गांधी उठल्या होत्या. तिनं खोकल्यासारखं केलं आणि परत "पप्पा" म्हणाली, तेव्हा तो आवाज तिचा नव्हता. जाड, बसका, विहिरीतून यावा तसा होता.

कप कुठं ठेवला हे बद्रीनाथला कळलं नाही. दाराजवळच्या खुंटीला एक छोटी पिशवी कायम लटकलेली असायची. त्यात पेनासारखं दिसणारं इंजेक्शन होतं. कसं द्यायचं ते डॉक्टरांनी त्याला आणि प्रेरणाला शिकवलं होतं, पण द्यायची वेळ आजवर कधी आली नव्हती.

"माय, तिला आडवी कर. पाय धरून ठेव, हलू देऊ नको."

"काय झालं रं बद्री? काय झालं लेकराला?"

"पाय धर माय!"

आशाबाईंनी पाय धरले. टोपण पहिल्या झटक्यात निघेना. निघालं तेव्हा त्यानं ते पेन पोरीच्या मांडीवर बाहेरच्या बाजूनं दाबलं, फ्रॉकवरूनच. खट्ट आवाज झाला. राजनंदिनी किंचाळली. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं त्यानं ते मनात आकडे मोजत दाबून धरलं, मग काढलं, आणि तिला उचलून तसाच अनवाणी जिना उतरायला लागला.

"काकू! काकू!"

मीनाक्षीकाकूंनी दार उघडलं आणि पोरीचं तोंड बघून त्या दाराला धरूनच उभ्या राहिल्या. लक्ष्मणकाका मात्र उठले. भाजी आणायलाही गाडी बाहेर न काढणारे काका पेपर तिथंच टाकून, किल्ली घेऊन, चपला न घालता निघाले. मागच्या सीटवर बद्रीनाथच्या मांडीवर पोर आडवी, पायथ्याशी आशाबाई, पुढं काकू. काकू एका हातानं प्रेरणाला फोन लावत होत्या आणि मागं वळून विचारत होत्या, "दोडकं खाल्लं का हो तिनं? बद्रीनाथ, तिनं दोडकं खाल्लं का?"

बद्रीनाथ पोरीचा श्वास मोजत होता.

दवाखाना जवळच होता. पोहोचेपर्यंत राजनंदिनीचा श्वास जरा सुटला होता, पण डॉक्टरांनी लगेच आत घेतलं, नळ्या लावल्या, सलाइन लावलं. बद्रीनाथ दाराच्या काचेतून तिच्या तळपायांकडं बघत राहिला. तळपायांचा रंग हळूहळू परत येत होता. औरंगपुऱ्यातून रिक्षानं आलेली प्रेरणा त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. त्याच्या दंडाला घट्ट धरून तीही काचेतून बघत राहिली.

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. मध्यमवयीन, शांत माणूस होता. म्हणाले, "आता बरी आहे. इंजेक्शन वेळेवर दिलंत म्हणून निभावलं. पण पुन्हा त्रास उठू शकतो, म्हणून आज इथंच ठेवू." मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "एवढी मोठी मुलं सहसा सांगतात. जिभेला टोचतंय, घशात काहीतरी होतंय असं. ते पहिलं लक्षण. ती काही बोलली होती का?"

बद्रीनाथनं प्रेरणाकडं पाहिलं नाही.

"बोलली होती," तो म्हणाला. "टोचतंय म्हणाली. मीच खा म्हणालो."

डॉक्टर त्याच्या खांद्याला हात लावून पुढच्या खोलीत गेले.

बाकावर आशाबाई बसल्या होत्या. मिठाईचा पुडा घाईत त्यांच्या पिशवीबरोबर आलाच होता. "काजूची व्हती रे," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "निव्वळ काजूची व्हती." बद्रीनाथनं पुडा उघडला, एका वडीचा कण तोडून जिभेवर ठेवला. वेलदोडा होता, साखर होती, काजूही होता थोडासा. आणि त्या सगळ्याच्या खाली, लपवलेला पण लपत नसलेला, तो स्वाद. गेटबाहेरच्या गाड्यावर तो रोज ज्याच्या मागं जात होता, तोच. काजू महाग म्हणून कुणीतरी शेंगदाण्याचं पीठ मिसळलं होतं. त्यानं पुडा कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि तोंड, हात स्वच्छ धुवून आला.

"माय, तुझी काही चूक नाही. तुला खोटं सांगितलं दुकानदारानं."

"लेकरू तर खरं बोलत व्हतं," आशाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

प्रेरणा सासूजवळ जाऊन बसली. थोड्या वेळानं तिनं आशाबाईंचा हात आपल्या हातात घेतला. बद्रीनाथशी ती त्यावेळी एकच वाक्य बोलली. "मलाही ओरडायचंय तुमच्यावर, पण आज नाही. आज तुम्ही इंजेक्शन दिलंत."

दुपार कलल्यावर राजनंदिनीला जरा बरं वाटायला लागलं. ओठ अजून सुजलेला होता, त्यामुळं ती बोबडं बोलत होती. बद्रीनाथ खाटेजवळ बसला.

"पप्पा, मी खोटं नव्हते बोलले."

"माहितीय बाळा."

"दोडक्याचं खोटं होतं. आजचं खरं होतं."

"माहितीय. मी ऐकायला पाहिजे होतं. तू सांगितलंस, आणि मी हसलो. चुकलं माझं."

तिनं त्याच्याकडं निरखून पाहिलं. मोठ्या माणसाला चुकलं म्हणताना तिनं फार वेळा पाहिलं नव्हतं. "मग आता?" तिनं विचारलं.

"आता असं करू," प्रेरणा पलंगाच्या पलीकडून म्हणाली. तिनं बहुतेक दुपारभर हाच विचार केला होता. "जे आवडत नाही ते 'आवडत नाही' म्हणून सांगायचं. घरी, काकूंकडं, कुठंही. कुणी जबरदस्ती करणार नाही. मी पण नाही. पण 'टोचतंय' हा शब्द फक्त खरं टोचलं तरच. तू तो म्हणालीस की आम्ही सगळे तिथंच थांबणार. कुणी हसणार नाही, कुणी खा म्हणणार नाही. पप्पा नाही, आजी नाही, कुणी नाही."

"कारलं आवडत नाही म्हटलं तर चालेल?"

"चालेल."

"मेथी?"

"चालेल गं. पण दोन भाज्या तरी तू निवडायच्या, रोज खायच्या."

राजनंदिनीनं बोटांवर बराच हिशेब केला. "बटाटा आणि बटाट्याचा रस्सा," ती म्हणाली. नर्सबाईंनाही हसू आवरलं नाही. बद्रीनाथलाही आलं, पण हसता हसता त्यानं बाहीनं डोळे पुसले.

दोन दिवसांनी ती काकूंकडं गेली. बद्रीनाथ दारात उभा राहिला, आत गेला नाही. राजनंदिनीनं हात मागं बांधून, शाळेत कविता म्हणतात तसं, एका दमात सांगून टाकलं, की तिला फक्त शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, बाकी सगळं तिनं बनवून सांगितलं होतं.

काकूंना लागलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "अगं, आवडत नाही एवढं म्हणाली असतीस तर मी काय तुला ओरडले असते का?"

"तुम्ही नाही," राजनंदिनी म्हणाली. "पण मम्मी म्हणते, दुसऱ्याच्या घरी नखरे करायचे नाहीत, वाढलेलं खायचं. आणि पप्पा म्हणतात, अ‍ॅलर्जीचं मात्र न घाबरता सांगायचं. आवडत नाही म्हटलं की कुणी ऐकत नाही. अ‍ॅलर्जी म्हटलं की सगळे ऐकतात."

दारातल्या बद्रीनाथनं मान खाली घातली. पोरीनं त्यांचेच दोन धडे घेऊन, जोडून, आपली वाट काढली होती. काकूंनी चष्म्याआडून त्याच्याकडं एकदा पाहिलं, मग राजनंदिनीला जवळ ओढलं. "बरं. मग आज काय आवडत नाही, ते आधीच सांग बघू."

आशाबाईंचं मात्र बिनसलं होतं. डोळे दाखवायचं राहिलं ते राहिलंच. दवाखान्यातून आल्यापासून त्या एकच म्हणत होत्या, "मला एस्टीत बसवून दे बद्री." स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत त्या पाऊल टाकत नव्हत्या. राजनंदिनीनं पाणी मागितलं तरी प्रेरणाला हाक मारायच्या. "माझ्या हातचं काई देऊ नका तिला," म्हणायच्या.

तिसऱ्या दिवशी राजनंदिनी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि आजीपुढं जाऊन उभी राहिली. "आजी, भूक लागली. भाकरी कर."

"तुझा बाप देईल की."

"पप्पांची भाकरी पापडासारखी होते. तू कर. ज्वारीचं पीठ आहे. मी बघते बसून, दुसरं काही टाकत नाहीस ना."

आशाबाईंनी बद्रीनाथकडं पाहिलं. तो म्हणाला, "कर ना माय. पोर उपाशी आहे."

आशाबाई उठल्या. परात घेतली, पीठ काढलं. राजनंदिनी ओट्यावर बसून पहारा करायला लागली. पहिली भाकरी तव्यावर टम्म फुगली, तेव्हा आशाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबला नव्हता. दूध-भाकरी कुस्करून पोरीला भरवल्यावर त्या बद्रीनाथला म्हणाल्या, "ते टोचायचं पेन मला बी शिकव."

"माय, तुला दिसत नाही नीट."

"मग डोळे करून घेते. पण शिकव. त्या दिशी तू नसतास तर? मी नुसती पाय धरून बसले असते व्हय?"

प्रेरणानं जपून ठेवलेलं, मुदत संपलेलं एक जुनं पेन होतं. तिनं ते आणलं, आणि टोपलीतली एक मोसंबी आशाबाईंच्या मांडीवर ठेवली. कुठली बाजू वर, कुठली खाली, आधी काय काढायचं, कुठं दाबायचं, प्रेरणा सांगत गेली. आशाबाई प्रत्येक गोष्ट आपल्या शब्दांत उलटून म्हणत होत्या. चुकलं की राजनंदिनी ओरडायची, "आजी, तिकडून नाही! तिकडून तुझ्याच अंगठ्यात जाईल!" शेवटी आशाबाईंनी ओठ घट्ट मिटले, मोसंबी धरली आणि पेन दाबलं. खट्ट. त्या दचकल्या, पण पेन सोडलं नाही.

"धर, धर, धर," राजनंदिनी म्हणत होती. "आता सोड. शाबास!"

महिन्याभरात आशाबाईंच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. प्रेरणानं सुट्टी काढून त्यांना दवाखान्यात नेलं-आणलं. मग उन्हाळ्याची सुट्टी लागली, आणि एके दिवशी प्रेरणाच म्हणाली, "आत्याबाई, नंदूला चार दिवस नेता का गावी?" बद्रीनाथ तिच्याकडं बघतच राहिला. चुलत बहिणीच्या लग्नातल्या त्या दिवसानंतर राजनंदिनी आई-बापाशिवाय कधी कुठं राहिली नव्हती. ज्या प्रेरणानं हे कधी होऊ दिलं नसतं, तीच विचारत होती.

"माझ्यावर सोडते व्हय गं पोरी?" आशाबाई हळूच म्हणाल्या.

"तुमच्यावर सोडते."

बद्रीनाथ दोघींना गावी सोडून आला. थोरल्या वहिनींनी तिथलं स्वयंपाकघर आधीच धुऊन-पुसून वेगळं करून ठेवलं होतं. आशाबाईंनी शेजारपाजारची घरंही पालथी घातली होती, पोरीला कुणी काही देऊ नका म्हणून. इंजेक्शनची पिशवी त्यांनी आपल्या कमरेला बांधली होती, पान-तंबाखूची चंची बांधतात तशी.

घर रिकामं वाटायला लागलं. पहिल्या दिवशी बद्रीनाथनं सकाळी फोन केला, दुपारी केला. संध्याकाळी पुन्हा करायला गेला तेव्हा प्रेरणानं त्याच्या हातातून फोन घेतला, म्हणाली, "पुरे आता." आणि मग स्वतःच लावला, स्पीकरवर.

फोन राजनंदिनीनं उचलला. मागं पोरांचा गलका होता, कुठंतरी गाय हंबरत होती.

"मम्मी, लवकर बोल. आम्ही मळ्यात चाललोय."

"जेवलीस का?"

"हो. आजीनं पिठलं केलं होतं. मोठ्या काकूंनी दुसरी एक भाजी वाढली, मी म्हणाले आवडत नाही, तर त्यांनी काढून घेतली. झालं?"

"काही त्रास नाही ना? टोचलं वगैरे नाही ना कुठं?"

"टोचलं," राजनंदिनी म्हणाली. बद्रीनाथ खुर्चीवरून ताडकन उठला. "पायात काटा टोचला. आजीनं काढला. पण ते खाण्याचं टोचणं नाही, म्हणून आजी म्हणाली, बापाला सांगू नको, तो गाडी घेऊन येईल. मम्मी, ठेवते."

आणि तिनं फोन ठेवून दिला. प्रेरणा आधी हसायला लागली, मग बद्रीनाथ. हसता हसताच त्यानं दारामागची मोटारसायकलची किल्ली हातात घेतलेली होती, ती तिनं काढून घेतली आणि परत खिळ्याला अडकवली.